चेंबर तुंबलं की आपला धर्म कुठे जातो?



आज जरा रागावूनच लिहिते आहे. पावसाळ्यात आपल्या वस्त्यांमध्ये कुणाचं ना कुणाचं चेंबर तुंबतं आणि संडासाचं पाणी अंगणात पसरतं. मग खिडक्या लावायच्या, नाकाला पदर लावायचा आणि म्हणायचं, "कुणाला तरी बोलवा." तो येतो, उघड्या हातांनी घाण उपसतो. आपण त्याला लांबूनच पैसे देतो. चहा दिलाच तर वेगळ्या कपात.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्यात असंख्य जीव असतात गं. चातुर्मासात आपल्या हातून हिंसा नको."

मला हे उत्तर मान्य नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कृत, कारित आणि अनुमत असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि करणाऱ्याला संमती दिलेलं, तिन्हींचं कर्म बांधलं जातं. पाठशाळेतल्या मुलांनाही हे पाठ असतं. मग शंभराची नोट दिली की हिशेब त्याच्या खात्यावर जातो, हे आपण कुठून शिकलो? मुनींच्या पाच समित्यांमध्ये उत्सर्ग समिती आहे. मलमूत्र कुठे टाकायचं, तिथे जीव आहेत का, हे पाहणं हासुद्धा धर्मच. आणि आपण मात्र ते अंगणात दोन दिवस साचू देतो! ओल्या घाणीत संमूर्च्छिम जीव वाढतात हे ठाऊक असून वाट बघत बसणं हा शुद्ध प्रमाद आहे.

शिवाय तो माणूस पंचेंद्रिय जीव नाही का? चेंबरमधला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात जीव गेला तर 30 लाख रुपये भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. पाणी गाळून पिणाऱ्यांना हे कायद्याने सांगावं लागू नये.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तुंबलेली लाइन मोकळी करायला वरूनच सळई किंवा मशीन लावा, आत कुणीही उतरायचं नाही. अंगणातली घाण मात्र ज्या घराची, त्या घराने काढायची. घरातले नळ बंद करा, मुलांना आत ठेवा. रबरी हातमोजे, गमबूट घाला, तोंडाला फडकं बांधा. आधी फावड्याने घट्ट घाण बादलीत भरा आणि लाइन मोकळी झाल्यावर संडासात टाका. फरशी साबणाने घासा, मगच ब्लिचिंग पावडरचं पाणी. घाणीवर नुसती पावडर फेकून काही होत नाही, तिचा जोर घाणीतच संपतो. ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मातीवर चुना भुरभुरवा, ऊन लागू द्या, सुकेपर्यंत मुलांना तिथे खेळू देऊ नका. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा शेजाऱ्याच्या दारात लोटू नका. शेवटी साबणाने हात धुवून अंघोळ करा.

यात जीव मरणार नाहीत असं मी म्हणत नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण ती यत्नाने कमी होते. खरा यत्न तर तुंबण्याआधीचा. तव्यावरचं तेल, चहाचा चोथा मोरीत आणि पॅड संडासात टाकणं आजच थांबवा.

ज्या घाणीला आपलेच हात लागले आहेत, ती दुसऱ्याच्या हातांनी काढून कुणी शुद्ध होत नाही. शुद्धीचा एवढाच आग्रह असेल तर या पावसाळ्यात घरात आधी दोन जोड हातमोजे आणा. एक तुमचा, एक घरातल्या पुरुषांचा.