‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले की वाईट?

रक्ततपासणीचा कागद हातात पडला की नजर थेट उजवीकडच्या रकान्यावर जाते. रक्तगट ‘बी पॉझिटिव्ह’. काविळीची चाचणी ‘निगेटिव्ह’. “म्हणजे चांगलं की वाईट?” हा प्रश्न लॅबच्या काउंटरवर हमखास येतो आणि तो अगदी रास्त आहे. कारण ‘पॉझिटिव्ह राहा’ असे सांगणारे नातेवाईकही हाच शब्द वापरत असतात.

चाचणीतल्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की जे शोधले ते सापडले. म्हणून गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात पेढे येतात. क्षयासाठी केलेली थुंकीची तपासणी पॉझिटिव्ह आली की पोटात गोळा येतो.

रक्तगटात अर्थ आणखी वेगळा. तांबड्या पेशींवर ‘डी’ हे प्रतिजन असेल तर रक्त पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. त्यात आजाराचा संबंध नाही. शास्त्रज्ञ लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० मध्ये हा आरएच घटक उजेडात आणला. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ते राहून गेले तर पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

इंग्रजीने ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द ठिकठिकाणी राबवला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये तो विजेला लावला, तर जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये छायाचित्राला.

मराठीत मात्र या अर्थांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. गणितासाठी ‘धन’ आहे: गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम सांगितले. आजही शाळेतली मुले धन संख्या आणि धनप्रभार शिकतात. माणसाच्या वृत्तीसाठी ‘आशावादी’ आहे, ‘उमेद’ आहे.

फक्त आजाराच्या बाबतीत आपण हात आखडता घेतला. कोरोनाकाळात तर ‘अहवाल सकारात्मक’ अशी वाक्ये छापली गेली. शब्दाला शब्द ठेवला आणि आजाराची बातमी शुभवार्तेसारखी वाटू लागली.

यावर उपाय साधा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे. सरकारी आणि खासगी प्रयोगशाळांनी इंग्रजी निकालाखाली मराठीत एक ओळ छापावी: ‘थुंकीत क्षयाचे जंतू आढळले’ किंवा ‘आढळले नाहीत’. रक्तगटासमोर ‘हा आजार नाही’ एवढे लिहावे. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी असेल, तर ते दोन दिवस रुग्णाने अंदाज बांधत का काढावेत?