विश्लेषण : मोटरहोममध्ये झोपायची सोय सहा जणांची, मग आरसीवर आसने चारच का? आकडा चुकला असेल तर दुरुस्ती कशी होते?

गाडीत ओटा आहे, फ्रिज आहे, दोन बेड आहेत आणि बाकावर दाटीवाटीने सहा जण बसतात. आरसीवर मात्र आसनक्षमता चार. किंवा नेमके उलटे : मूळच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधील बहुतेक सीट काढून मोटरहोम केले, तरी आरसीवर अजून १३ हाच आकडा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आणले. त्यानंतर भाड्याने मोटरहोम घेणारे, जुने मोटरहोम विकत घेणारे आणि आपली व्हॅनच रूपांतरित करून घेणारे यांच्यासमोर हा प्रश्न येऊ लागला. वरवर पाहता हा एका रकान्यातील आकडा. पण कर, विमा आणि अपघातानंतरची नुकसानभरपाई त्याच्याशी बांधलेली आहे.

आरसीवरील आकडा नेमका काय सांगतो?

गाडीत किती माणसे मावतात, हे आरसी सांगत नाही. चालत्या गाडीत किती जणांना बसवून नेण्यास ते वाहन मान्यताप्राप्त आहे, हे ती सांगते. नोंदणी प्रमाणपत्राच्या नमुन्यात ही संख्या चालकासह लिहिली जाते. स्मार्टकार्ड आरसीवर बसण्याची, उभे राहण्याची आणि झोपण्याची क्षमता वेगवेगळी नोंदवण्याची सोय आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी सीट आणि बर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरहोमच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते बहुधा रात्री झोपणाऱ्यांविषयी असते.

युरोपातही हीच पद्धत आहे. तेथील नोंदणी कागदपत्रांवर ‘एस.१’ या रकान्यात चालकासह आसनसंख्या असते. ब्रिटनमध्ये ती बदलली तर मालकाने व्ही५सी हे नोंदणीपत्र डीव्हीएलए या यंत्रणेकडे पाठवून नोंद बदलून घ्यावी लागते.

चूक होते कुठे?

पहिले कारण ‘चालकासह’ आणि ‘चालक वगळून’ यातील गोंधळ. आरसी आणि विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, यांत आकडा चालकासह असतो. पण मोटर वाहन कायद्यातील व्याख्या चालक वगळून मोजतात. उदाहरणार्थ, चालक वगळून सहापेक्षा जास्त माणसे नेणारे वाहन ‘ऑम्निबस’ ठरते. त्यामुळे आरसीवर ७ असेल तर गाडी एका वर्गात आणि ८ असेल तर दुसऱ्या वर्गात जाऊ शकते. ‘१२ + १’ असे बोलीत म्हटले जाणारे वाहन पोर्टलवर १२ म्हणून भरले गेले, की एक सीट कागदावरून गायब होते.

दुसरे कारण मूळ वाहनाचा तपशील तसाच पुढे जाणे. मोटरहोम अनेकदा दोन टप्प्यांत तयार होते. चासी किंवा मूळ व्हॅन एका कंपनीची आणि आतील घर बॉडी बिल्डरचे. अशा वाहनांसाठी फॉर्म २२-ए असतो. त्याचा एक भाग उत्पादक भरतो, तर दुसरा बॉडी बांधणारा. या दोन भागांतील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक राहिला तर तोच आरसीवर उतरतो. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याने विकलेले नवे वाहन पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत नेऊन दाखवावे लागत नाही. वेळ वाचतो, पण सीट मोजून पाहणारी एक नजरही कमी होते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. त्यात कागद बरोबर असतो, गाडी बदललेली असते. मालकाने नंतर गॅरेजमध्ये जादा बाक बसवून घेतलेला असतो किंवा सीट काढून तिथे बेड केलेला असतो.

बाक आहे, पट्टा लावला, तरी ती सीट का नाही?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. समजा, धडकेत गाडीचा वेग इतक्या झटक्यात कमी झाला की गुरुत्वाकर्षणाच्या २० पट मंदन निर्माण झाले. अशा वेळी ७० किलो वजनाची व्यक्ती सीटबेल्टला सुमारे १,४०० किलो वजनाइतक्या भाराने ओढते. हा भार पट्ट्यातून बोल्टवर आणि बोल्टमधून गाडीच्या सांगाड्यावर जातो. प्लायवूडच्या पेटीवर गादी टाकून केलेला बाक आणि त्यालाच स्क्रूने ठोकलेला पट्टा हा भार पेलू शकत नाही. मग माणूस तर फेकला जातोच, बाकही समोरच्याच्या पाठीवर आदळतो. कारखान्यातील सीट, तिचे पाय आणि पट्ट्याचे जोड यांची चाचणी झालेली असते. गॅरेजमधल्या बाकाची झालेली नसते.

दुसरी मर्यादा वजनाची. समजा, एका मोटरहोमचे कमाल अनुज्ञेय वजन ४,००० किलो आहे आणि फर्निचर, बॅटऱ्या, फ्रिज धरून रिकाम्या गाडीचे वजन ३,४५० किलो झाले. उरले ५५० किलो. चालकासह सहा प्रौढांचे ४२० किलो गेले. पाण्याच्या टाकीतील १०० लिटर म्हणजे आणखी १०० किलो. आता कपडे, किराणा आणि गॅस सिलिंडरसाठी फक्त ३० किलो शिल्लक राहतात. तीच गाडी चार जणांसाठी ठेवली तर १७० किलो उरतात. म्हणूनच जागा असूनही उत्पादक कधी कधी आसने मुद्दाम कमी ठेवतो.

नोंदीतील चूक आणि गाडीतील बदल यांत फरक काय?

या विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे. गाडी जशी मंजूर झाली तशीच आहे आणि फक्त आकडा चुकीचा पडला आहे, तर ती नोंदीची दुरुस्ती. गाडीच बदलली आहे आणि आता आकडा तिच्याशी जुळवायचा आहे, तर तो कायद्याच्या भाषेत ‘बदल’. दोन्हींना बोलताना ‘आरसी करेक्शन’ म्हटले जाते, पण रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

मोटर वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी आरसीतील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील फेरफार म्हणजे ‘बदल’, अशी व्याख्या त्याच कलमात आहे. केरळमधील के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग मोटरहोम कायदेशीर होते कसे? मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा ही अशा वाहनाची ओळख मानली जाते. बांधणाऱ्याने आपल्या नमुन्याला पुण्यातील एआरएआयसारख्या केंद्रीय नियमांनुसार अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजुरी घेतलेली असेल, तर आसनसंख्या त्या मंजुरीतच ठरलेली असते. आरटीओ तोच आकडा नोंदवते. मंजुरीपत्रात चार असेल, तर मालकाच्या अर्जावर त्याचे सहा होत नाहीत.

सीट कमी केल्या तर कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण सीट काढून तिथे पाण्याची टाकी आणि ओटा आला की रिकाम्या गाडीचे वजन, वाहनाचा वर्ग आणि कर हे सगळेच बदलू शकते. त्यामुळे आसने कमी करण्यासाठीही आधी परवानगीच लागते. ‘वाहन’ पोर्टलवर बदलाचा अर्ज करण्याची सोय आहे. मात्र अर्ज करता येतो म्हणजे मंजुरी मिळतेच असे नाही.

चूक फक्त नोंदीत असेल तर काय करावे?

आधी पुरावा जमवावा. फॉर्म २१, फॉर्म २२ किंवा २२-ए, खरेदीचे बिल आणि नमुन्याच्या मंजुरीची प्रत यांत आसनसंख्या काय आहे, ती चालकासह आहे की वगळून, हे ताडून पाहावे. सर्व कागदांत एकच आकडा आणि फक्त आरसीवर वेगळा, असे असेल तर काम सोपे आहे. कागदच एकमेकांशी जुळत नसतील तर आधी विक्रेता किंवा बॉडी बिल्डरकडून लेखी दुरुस्तीपत्र घ्यावे लागेल.

त्यानंतर नोंदणी असलेल्या आरटीओत लेखी अर्ज करावा. पोर्टलवरील आसनसंख्या मालकाला स्वतः बदलता येत नाही, ते काम नोंदणी प्राधिकाऱ्याचे आहे. अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि वरील पुरावे जोडावेत. मोटर वाहन निरीक्षकाला गाडी दाखवावी लागू शकते, त्यामुळे सीट आणि पट्टे मूळ स्थितीत हवेत. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेलाही कळवावे. दुरुस्तीमुळे कराचा वर्ग बदलला तर फरक भरावा लागतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

अर्ज नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर थांबू नये. कलम ५२सह अनेक कलमांखालील नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध कलम ५७ नुसार ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी लेखी आदेश हाती असणे महत्त्वाचे.

एक इशारा मात्र हवा. गाडीत केलेला बदल ‘टायपिंगची चूक’ म्हणून खपवून देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. महत्त्वाच्या बाबीत खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवल्याचे आढळले, तर कलम ५५ नुसार मालकाचे म्हणणे ऐकून नोंदणीच रद्द होऊ शकते.

विमा आणि नुकसानभरपाईचे काय?

आकड्याची खरी किंमत इथे कळते. हिमाचल प्रदेशातील एका बस अपघातात ४२ प्रवाशांची मान्यता असताना सुमारे ९० जण बसमध्ये होते. २००७च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध अंजना श्याम या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच ठेवली. सर्वाधिक रकमेच्या ४२ निवाड्यांची बेरीज कंपनीने जमा करायची, ती सर्व पीडितांत प्रमाणात वाटायची आणि उरलेली रक्कम बसमालकाकडून वसूल करायची, असा तो तोडगा होता. हेच तत्त्व चार आसनांच्या मोटरहोममध्ये सहा जण असताना लागू झाले, तर चार जणांच्या भरपाईत सहा कुटुंबे वाटेकरी होतील आणि उरलेला भार मालकावर येईल. सहलीला गेलेले सगळे एकाच घरातील असतील, तर मालक आणि पीडितही एकाच घरातील असतील.

गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र आपोआप बुडत नाही. जादा माणसे असणे हे अपघाताचे कारण नसेल, तर केवळ तेवढ्यावरून दावा पूर्ण फेटाळता येत नाही, असे १९९६च्या बी. व्ही. नागराजू प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते. पण बेकायदा बसवलेला बाकच तुटला असेल, तर हा आधार कमकुवत होतो.

भाड्याच्या मोटरहोमला आणखी एक नियम आहे. परिवहन वाहनात मान्यतेपेक्षा जास्त प्रवासी असतील तर कलम १९४-अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड होतो. शिवाय त्यांची पर्यायी व्यवस्था होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. रात्री घाटात सहाजणांचे कुटुंब अडकले तर २०० रुपयांची चिंता शेवटची असेल.

आरसी दुरुस्त झाल्यावर विमा पॉलिसीतही तोच आकडा लेखी बदलून घ्यावा. प्रवाशांचे वैयक्तिक अपघात संरक्षण साधारणपणे आसनसंख्येनुसारच दिले जाते. आरसीवर पाच आणि पॉलिसीत चार राहिले, तर दाव्याच्या वेळी वाद ओढवून घेतल्यासारखे होईल.

जुने मोटरहोम घेताना काय पाहावे?

बयाणा देण्याआधी चार आकडे शेजारी शेजारी ठेवावेत : आरसीवरील आसनसंख्या, पॉलिसीतील आसनसंख्या, मंजुरीपत्रातील आसनसंख्या आणि गाडीत प्रत्यक्ष असलेल्या, कारखान्यातील पट्टे बसवलेल्या सीट. आरसी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवरही पाहता येते. त्याबरोबर वाहनाचा वर्गही तपासावा. आरसीवर कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅनऐवजी अजून प्रवासी व्हॅनच असेल, तर रूपांतराची नोंद झालेलीच नाही, असे समजावे. चारही आकडे जुळत नसतील तर दुरुस्ती विक्रेत्याच्या नावावर गाडी असतानाच करून घेणे शहाणपणाचे. बदल त्याने केलेला असतो, पण नावावर झाल्यानंतर उत्तर नव्या मालकाला द्यावे लागते.

आणि आरसीवर चारच आसने बरोबर असतील, कुटुंब मात्र सहा जणांचे असेल, तर त्यावर कागदी उपाय नाही. दोघांना मागून दुसऱ्या गाडीने यावे लागेल. मुक्कामी पोहोचल्यावर सहाही जण त्याच मोटरहोममध्ये झोपू शकतात.