इंग्लंडने ३ वर्षांत बदललेली कार आपण ५७ वर्षं चालवली. वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाने यातून काय घ्यायचं?

अमरावती-अकोला रस्ता आठवतोय? जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात गेला. त्याच रस्त्यावर एकेकाळी पांढरी अँबेसिडर दिसली की लोक बाजूला सरकायचे. साहेब आले, मंत्री आले किंवा नवरदेव आला, यांपैकी काहीतरी नक्की असायचं.

ही गाडी मुळात इंग्लंडची. तिची गोष्ट फक्त जुन्या आठवणींची नाही. आज आयात शुल्कावरून कार कंपन्या आणि कापूस उत्पादक दोघेही बोलत असताना ती समजून घेणं गरजेचं आहे.

गाडी मूळची कुणाची?

विल्यम मॉरिस यांनी १९१३ मध्ये 'मॉरिस ऑक्सफर्ड' बाजारात आणली. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी गाडी, हा त्यामागचा विचार. पुढे अनेक दशकं हे नाव चालत राहिलं, पण गाडी बदलत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये नवी ऑक्सफर्ड आली, १९५४ मध्ये दुसरी सिरीज, १९५६ मध्ये तिसरी. १९५९ मध्ये तिसरीही बंद झाली आणि वेगळ्याच आकाराची गाडी आली.

भारतात बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात दुसऱ्या सिरीजवरून 'लँडमास्टर' आणि तिसऱ्या सिरीजवरून १९५७ मध्ये 'अँबेसिडर' आणली. इंग्लंडमध्ये तिसरी सिरीज ३ वर्षं टिकली. आपल्याकडे ती २४ मे २०१४ पर्यंत बनत होती.

इतकी वर्षं का टिकली?

गाडी वाईट नव्हती. भक्कम बॉडी, मागे पाटे, ऐसपैस जागा. खड्ड्यांना घाबरायची नाही आणि बिघडली तर गावातला मिस्त्रीही पाना-पक्कड घेऊन दुरुस्त करायचा. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर दुरुस्तीला सोपी असणं हा मोठा गुण आहे.

पण ५७ वर्षं टिकण्याचं कारण तेवढंच नव्हतं. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांची आयात जवळपास बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, जे फक्त सुटे भाग जोडतात आणि इथे उत्पादन करणार नाहीत, त्यांनी थांबावं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि फोर्डही निघून गेली. उरल्या मोजक्या कंपन्या. त्यांत मुंबईच्या कुर्ल्यातली प्रीमियर आणि उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स.

हा निर्णय त्या काळात चुकीचा नव्हता. सुटे भाग देशात बनू लागले, हजारो कामगार तयार झाले. चूक पुढे झाली. संरक्षण दिलं, पण ते कधी संपणार हे सांगितलं नाही आणि गाडी किती सुधारायची याची अटही घातली नाही. उलट किती गाड्या बनवायच्या यावरही परवाना. ग्राहक रांगेत उभा, सरकार हक्काचं गिऱ्हाईक. मग बदल कशाला? मार्क-२, मार्क-३, मार्क-४ अशी नावं आली, पण बहुतेक बदल जाळी, दिवे आणि डॅशबोर्डपुरते राहिले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फरक लोकांनी स्वतः चालवून पाहिला. इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर अँबेसिडरला मिळाले ते १९९० च्या दशकात. तोवर उशीर झाला होता. वर्षाला २४ हजारांवर गेलेलं उत्पादन शेवटच्या वर्षी सुमारे २,२०० वर आलं. २०१७ मध्ये हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांत विकलं गेलं. त्याच वर्षी १ मेपासून लाल दिवाही गेला.

नुसतं मॉडेल बदलून भागतं का?

नाही. इंग्लंडने मॉडेलं बदलली, कंपन्या एकत्र केल्या, १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँडचं राष्ट्रीयीकरणही केलं. तरी मॉरिस नावाची शेवटची कार १९८४ मध्ये संपली. बाजार उघडा ठेवणं पुरेसं नसतं आणि बंद ठेवणंही नसतं.

मग कापसाचा संबंध काय?

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. ब्रिटिश गाड्यांवरचं १०० टक्क्यांहून जास्त शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. टप्पे, कोटा, मुदत, सगळं लिहून. कार कंपन्यांना तयारीला वर्षं मिळाली.

आता कापूस बघा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं गेलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सीतादही करून वेचणी सुरू व्हायची आणि बाहेरचा कापूस बिनशुल्क यायचा. पेरणी जूनमध्येच होऊन गेलेली. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता, पण तो सरकारी खरेदी केंद्रावर माल गेला तरच.

गिरण्यांची अडचण खोटी नाही. अमेरिकेच्या शुल्कामुळे त्यांच्या निर्यातीवर ताण आला होता. पण गिरणीचा ताण शेतकऱ्याच्या ऐन हंगामात उतरवायचा, हे न्यायाचं नाही.

दुसरी बाजूही बोलायला हवी. आपल्या शेतातलं बीटी बियाणं प्रामुख्याने २००६ मध्ये मंजूर झालेल्या पिढीचं आहे. गुलाबी बोंडअळी त्याला दाद देत नाही. २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं एचटीबीटी उघडपणे पेरलं, ते याच कोंडीतून. ते बियाणं योग्य की अयोग्य, हे शास्त्रज्ञांनी तपासून स्पष्ट सांगावं. पण हो नाही आणि नाहीही नाही, असं वर्षानुवर्षं लटकवणं म्हणजे शेतकऱ्याला जुन्या मॉडेलवर बसवून नव्या गाडीशी शर्यत लावणं.

म्हणून मागणी साधी आहे. आयात शुल्काचा निर्णय पेरणीआधी जाहीर करा, हंगामात बदलू नका. शुल्क कमी करायचंच असेल तर कारसारखे टप्पे आणि कोटा कापसालाही द्या. आणि शुल्क ठेवलं तर त्या काळात बियाणं, संशोधन आणि सरकारी खरेदी किती सुधारली याचा हिशेब दरवर्षी मांडा.

अँबेसिडरला संरक्षण मिळालं, पण मुदत नव्हती. कापसाचं संरक्षण काढलं, तेही मुदत न देता. वऱ्हाडातल्या खासदार-आमदारांनी पुढच्या जूनच्या आत या एका मुद्द्यावर उत्तर आणावं.