दुखणं वाढलं म्हणजे गुण येतोय का?

'दुखतंय ना? म्हणजे लागू पडतंय!' मान-कंबर मोडून देणाऱ्यांच्या तोंडचं हे वाक्य मला मोठं लबाड वाटतं. दुखणं थांबलं तर उपचार लागू पडला, वाढलं तरी लागू पडला. मग उपचार चुकला, हे कळायचं कधी?

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेत सुरू केली. अमेरिका-ब्रिटनमध्ये आज त्यासाठी काही वर्षांचं शिक्षण आणि कायदेशीर नोंदणी लागते. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंद ठेवणारी, कायद्याने स्थापन झालेली परिषद नाही. त्यामुळे इथे रीलमधला 'कट्' आवाज हीच पदवी ठरते. पण तो आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतोच. सांध्यातल्या द्रवाचा दाब एकदम घटून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आपण बोटं मोडतो तेव्हाही तो येतो. तेव्हा कुठली बोटं जागेवरून सरकलेली असतात?

माझे एक सहकारी शिक्षक पेपर तपासून मान आखडली म्हणून अशाच एका ठिकाणी गेले. रात्री खांद्यापासून कळ निघाली, दोन बोटं बधिर झाली. फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, सब्र करा. दुसऱ्या सिटिंगला मोकळं होईल." आम्ही त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एमआरआयमध्ये मानेतली चकती नसेवर दाबत असल्याचं दिसलं. चकती आधीच सरकली होती की त्या हिसक्याने सरकली, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. केंद्रवाल्याने त्याचाच आधार घेतला: "ते आधीचंच असणार." असेलही! मग मानेला हात लावण्यापूर्वी ते तपासायचं कोणी?

अशा उपचारानंतर एखाद-दोन दिवस अंग ठणकतं, ते ठीक. पण हात किंवा पाय बधिर होणं, पकड सैल पडणं, बैठकीच्या भागाची संवेदना जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, या गोष्टी 'गुण येण्याच्या' नाहीत. मानेच्या उपचारानंतर अचानक तीव्र डोकेदुखी, चक्कर, बोलताना जीभ अडखळणं, यांपैकी काही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. मानेतली धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत, हे मान्य. पण म्हणूनच तो धोका आधी सांगायला हवा. रुग्णाने होकार द्यायचा तो कशाला, हे त्याला कळायला नको?

लोक तिथे जातात याचा दोष मी लोकांना देत नाही. सरकारी दवाखान्यात रांग, खासगीत एमआरआयचा खर्च, आणि डॉक्टर दोन मिनिटांत गोळ्या लिहून मोकळे. केंद्रातला माणूस निदान दुखऱ्या जागी हात ठेवतो, विचारपूस करतो. डॉक्टरमंडळींनी हे मनावर घ्यावं. मात्र गोड बोलणं म्हणजे तपासणी नव्हे.

आणि 'सब्र' हा शब्द तर त्यांनी वापरूच नये. सब्र हा दुखणाऱ्याचा गुण आहे; दुखवणाऱ्याने तो ढालीसारखा पुढे करायचा नसतो. वैद्यकीचं ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार, अशी हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. चौदाशे वर्षांपूर्वी इतकं स्पष्ट सांगितलेलं असताना आपण अजून 'नशीब' म्हणून गप्प बसतो.

म्हणून खुर्चीवर मान टेकवण्याआधी विचारा: शिक्षण काय, कुठे झालं? तपासणी कोण करणार? त्रास वाढला तर लेखी काय द्याल? उत्तराऐवजी नुसतं हसू मिळालं, तर चप्पल घाला आणि बाहेर पडा. आणि त्रास झालाच असेल तर दुसरी सिटिंग नको, डॉक्टर गाठा. काय केलं, कधी केलं, दुखणं कुठून कुठे गेलं, हे त्यांना न लाजता सांगा.