दाखल नोंदवही

माझ्या भाच्याने गेल्या नवरात्रात मला फसवले. तुळजापूरचे दर्शन उरकून तो कळंबला आमच्याकडे आला. मी विचारले, "काय करायलास सध्या पुण्यात?" तर म्हणाला, "लायब्ररी सांभाळतोय, मामा."

माझे डोळेच भरून आले. तीस वर्षे मी तालुक्यातल्या एका 'ड' वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. अनुदानाचा हप्ता कसा येतो हे घरात सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे हा वारसा कुणी मागितला नव्हता. मी लगेच विचारले, "दाखल नोंदवही कुठपर्यंत आलीय?"

तेव्हा उलगडा झाला. ही लायब्ररी लिनक्सवरची. म्हणजे ज्या संगणकप्रणालीचे पोट कुणालाही उघडून बघता येते, तिच्यातली. एका प्रोग्रामला यादी क्रमाने लावायची असते, दुसऱ्याला फाइल आवळून लहान करायची असते. प्रत्येकाने ते नव्याने लिहीत बसू नये म्हणून कुणीतरी एकदा लिहून 'लिब' नावाच्या कप्प्यात ठेवतो. गावकीची लग्नाची भांडी असतात ना, तसे. कल्पना थोर आहे! पण कुठले पातेले कुठल्या फळीवर आहे आणि कुठल्याला भोक आहे, हे लिहिलेले नको का?

"लिहिलंय की," म्हणून त्याने आपला संसार उघडून दाखवला. एका कप्प्याचे नाव 'युटिल', दुसऱ्याचे 'युटिल टू', तिसऱ्याचे 'मिस्क'. माहितीच्या फाइलीत एकच ओळ : 'नंतर लिहू'. तारीख चार वर्षांपूर्वीची.

"मामा, कोड हेच डॉक्युमेंटेशन असतंय. ज्याला पाहिजे त्यानं कोड वाचावा."

इथे माझा तोल गेला. अरे, मग आम्ही सूची कशाला केल्या? पुस्तकातच सगळे होते की! रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. हे पोरगे वाचकाला कपाटात कोंडून म्हणते, शोध!

आणि कोडात काय केले ते असते. का केले ते नसते. लिनक्सच्या गाभ्यातच 'लिब'मध्ये क्रम लावणारी एक फाइल आहे. (ही त्यानेच नाइलाजाने दाखवली.) तिथे लिहिणाऱ्याने टीप ठेवलीय, की 'क्विकसॉर्ट' सरासरीने थोडी वेगवान असली, तरी एखादा खोडकर तिला मुद्दाम रडतखडत चालायला लावू शकतो, म्हणून आम्ही 'हीपसॉर्ट' घेतली. ही टीप नसती, तर दर पावसाळ्यात एखादा हुशार 'सुधारणा' घेऊन आला असता.

भाचा म्हणाला, "वेळ कुणाला आहे? सगळं फुकट करायलेत लोक." हे मात्र खरे, आणि राग याचाच येतो. 'एक्सझेड' ही फाइली आवळणारी लायब्ररी निम्म्या जगाच्या संगणकांत, आणि सांभाळणारा वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या कुणीतरी विश्वास मिळवून तिच्यात चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये तो सापडला, कारण अँड्रेस फ्रॉइंड या गृहस्थाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे वाटले. नोंदवहीने चोर पकडला असता असे मी म्हणत नाही; पण नीट मांडलेल्या घरात दुसरा माणूस लवकर हाताशी येतो, आणि मालकाला येईल त्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागत नाहीत.

माझ्या आधीच्या ग्रंथपालांना सगळी पुस्तके तोंडपाठ होती. नोंदवहीला ते हसत. एका उन्हाळ्यात ते गेले, आणि पुढची दोन वर्षे मी पुस्तके नव्हे, त्यांची आठवण शोधत फिरलो.

"तू उद्या नोकरी बदललीस तर?" मी विचारले. तो गप्प बसला. मामींनी वाढलेला दुसरा लाडूही त्याने घेतला नाही.

आठवड्याने त्याचा फोन. "मामा, लिहायला बसलोय. ते 'मिस्क' असतंय, त्याला तुमच्यात काय म्हणायचे?"

"संकीर्ण," मी म्हणालो. त्या कपाटाची किल्ली अजून सापडलेली नाही, हे सांगितले नाही.