नमुना कुठला, ते आधी सांगा

यंदाही आमच्याकडे सर्वाधिक शोधनिबंध आले ते दख्खनच्या बेसॉल्टवर. सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्ह्याचा वाद अजून मिटलेला नाही. 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी आपापले कालमापन मांडले. एकाने झिरकॉनमधल्या युरेनियम-शिशावरून उद्रेक टप्प्याटप्प्याने झाल्याचे म्हटले. दुसऱ्याने आर्गॉनवरून बराचसा लाव्हा डायनोसॉरांच्या अंतानंतर आल्याचे. ही तुलना शक्य झाली, कारण कोणता नमुना कोणत्या थरातला याची नोंद होती.

आमचा आग्रह नेमका याच नोंदीचा आहे. घाटातल्या खडकावरचा एक निबंध आला. सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे देखणी, प्लॅजिओक्लेजचे स्फटिक काठांसकट स्पष्ट. नमुन्याचे ठिकाण मात्र फक्त ‘रस्त्यालगत’. परीक्षकांनी तो परत पाठवला. पावसाळा सरल्यावर लेखिका पुन्हा घाटात गेल्या, अक्षांश-रेखांश आणि उंची घेऊन आल्या. नव्या छायाचित्रात मापासाठी दरडीला टेकवलेला हातोडा आहे. निबंध या अंकात आहे, जरूर वाचा. रुंदीकरणानंतर अशा कित्येक दरडींवर सिमेंट बसते, मग मागे उरते ती नोंदच.

परीक्षक हे काम विनामोबदला करतात. त्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांची संख्या अपुरी. विद्यापीठांतल्या तरुण प्राध्यापकांनी आम्हाला जरूर कळवावे. पुढचा अंक कोयनेच्या भूकंपांवर आहे. 1967 पासूनच्या नोंदींवर काम करणाऱ्यांचे निबंध हवे आहेत.