चंद्राच्या पाठीमागें

एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, "चंद्रावर मनुष्य 1969 सालींच जाऊन आला. आतां त्याच्याभोंवतीं रेडिओचा उपग्रह फिरवून शास्त्रज्ञांना ऐकावयाचें तरी काय? तेथें हवा नाहीं. मग आवाज कोठून येणार?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर शोधूं लागल्यास मात्र प्रथम चंद्राकडे न जातां आपल्याच पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत जावें लागतें.

प्रारंभीं एक गैरसमज दूर करूं. रेडिओ-लहरी म्हणजे ध्वनि नव्हेत. त्या प्रकाशाच्याच कुळांतल्या. फक्त त्यांची लांबी फार मोठी. प्रकाश जसा पोकळींतून येतो, तशाच त्याहि येतात. त्यांस हवा लागत नाहीं. 1932 सालच्या सुमारास कार्ल जान्स्की नांवाचा अमेरिकन अभियंता दूरध्वनीच्या कामांत येणाऱ्या खरखरीचा माग काढीत असतां, ती आकाशगंगेकडून येत आहे असें त्यास आढळलें. आकाश हें नुसतें पाहण्याचें नसून 'ऐकण्याचें'हि आहे, हें मनुष्यास त्या दिवसांत प्रथम कळलें.

पुण्याहून नारायणगांवाकडे गेल्यावर खोडद येथें जी प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे, ती याच विद्येचें आपलें पीठ होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती साकारली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें 25 किलोमीटरच्या टापूंत पसरल्या आहेत. त्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. लहर लांब असली म्हणजे जाळीच्या बारीक छिद्रांतून ती निसटत नाहीं. वारा मात्र निसटून जातो आणि खर्चहि वांचतो. जागा निवडतांना जें जें पाहिलें गेलें, त्यांत महत्त्वाची एक गोष्ट म्हणजे तेथील रेडिओ-शांतता. मोठीं शहरें दूर, आणि आडोशास डोंगर.

इतक्या खटाटोपानें ऐकावयाचें तें काय? विश्वांत सर्वांत विपुल द्रव्य म्हणजे हायड्रोजन. त्याचा अणु स्वभावतः 21 सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. पहिले तारे पेटले तेव्हांच्या हायड्रोजनाची लहर आज आपणांपर्यंत पोंचते, तेव्हां विश्वाच्या प्रसरणाबरोबर तीहि ताणली गेलेली असते. विश्व आजच्या पंधराव्या हिश्शाइतकें होतें, त्या वेळीं निघालेली लहर पंधरा पट ताणून तीन मीटरांहून किंचित् अधिक लांब होते. विश्वाचें वय आज सुमारें 1380 कोटी वर्षें मानितात. ही लहर निघाली तेव्हां तें अवघें तीस कोटी वर्षांच्या आसपास होतें.

आतां दैवदुर्विलास पाहा. तीन मीटरांची लहर म्हणजे नेमकी आपल्या घरांतील एफ्. एम्. रेडिओची लहर! विश्वाच्या पहाटेचा निरोप ज्या पट्ट्यांत यावयाचा, त्याच पट्ट्यांत आपलीं चित्रपटगीतें आणि साबणाच्या जाहिराती चालूं असतात. अनंत चतुर्दशीस कसब्याच्या गणपतीची मिरवणूक निघाली असतां, माडीवर एखाद्या वृद्धेनें पुटपुटलेलें स्तोत्र रस्त्यावरून ऐकूं पाहावें, तसा हा प्रकार आहे. 2018 सालीं ऑस्ट्रेलियाच्या निर्जन पश्चिम भागांत यंत्र मांडून अमेरिकन संशोधकांनीं तो निरोप मिळाल्याचें जाहीर केलें. बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेच्या मंडळींनीं आपलें 'सारस' नांवाचें यंत्र कर्नाटकांतील जलाशयांवर तरंगत ठेवून तपास केला. आणि 2022 सालीं, तसा संकेत आम्हांस आढळत नाहीं, असा निर्णय दिला. जमिनीवरचा कज्जा जमिनीवर मिटेना.

शिवाय दुसरी एक अडचण आहे. पृथ्वीच्या वातावरणावर विद्युद्भारित कणांचा एक थर आहे. पूर्वीं लघुलहरींवर रेडिओ सिलोनचीं गाणीं पुण्यास ऐकूं येत, तीं या थरावरून परावर्तित होऊनच. ज्या छतानें सिलोनचें गाणें आपल्या घरीं आणिलें, तेंच छत आकाशांतून येणाऱ्या सुमारें तीस मीटरांहून लांब लहरींस बाहेरच अडवून धरतें.

म्हणून चंद्र. चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. तो पृथ्वीभोंवतीं फिरतो तेवढ्याच काळांत स्वतःभोंवतीं एक गिरकी घेतो, म्हणून त्याची पाठ आपणांस दिसत नाहीं. तिचें पहिलें छायाचित्र 1959 सालीं रशियाच्या यानानें घेतलें. त्या पाठीमागें गेलें कीं साडेतीन हजार किलोमीटर जाडीचा दगड पृथ्वीचा सारा गोंगाट अडवितो. 10 जून 1973 रोजीं अमेरिकेनें सोडलेला 'एक्स्प्लोरर 49' हा उपग्रह लांबलचक आकाशतारा पसरून चंद्राभोंवतीं फिरला. तो चंद्राआड जातांच पृथ्वीचा गलबला थांबे आणि बाहेर येतांच पुन्हां सुरू होई. आडोसा खरोखर मिळतो, हें त्यानें सिद्ध केलें.

आतां त्याच रामन संस्थेनें 'प्रतुश' नांवाच्या मोहिमेची योजना मांडली आहे. नांव इंग्रजी आद्याक्षरांचें असलें तरी संस्कृत जाणणारास त्यांत 'प्रत्यूष' म्हणजे पहाट हा शब्द तत्काळ ओळखूं येईल. आणि विश्वाच्या पहाटेच्या शोधास याहून समर्पक नांव सुचणें कठीण. चंद्राच्या जवळून फिरणारा उपग्रह सुमारें दोन तासांत एक फेरी करितो, आणि त्यांतील पाऊण तास पृथ्वी त्याच्या दृष्टिआड असते. सूर्यहि रेडिओ-लहरी सोडतो. म्हणून दोन्ही एकदम झांकलीं जातील तेवढ्याच घटका खऱ्या मोलाच्या. त्या वेळांत ऐकावयाचें आणि पुढच्या बाजूस आल्यावर पृथ्वीस कळवावयाचें.

येथें कोणी म्हणेल, मग खोडदची चिंता कशास? पुणें-नाशिक जलद रेल्वेचा आंखलेला मार्ग नारायणगांवाच्या बाजूनें जात होता. दुर्बिणीच्या कामांत व्यत्यय येईल म्हणून तो बदलण्याचें 2024-25 च्या सुमारास पुढें आलें, तेव्हां त्या भागांतील लोक नाराज झाले. त्यांची नाराजी खोटी नाहीं. ज्याचा मुलगा रोज एस्. टी. च्या खोळंब्यांत तास घालवितो, त्यास तीस कोटी वर्षांच्या विश्वाच्या गोष्टी सांगून समाधान होणार नाहीं. परंतु रूळ दुसरीकडून नेतां येतात. गेलेली शांतता कोणत्याहि किंमतीस परत विकत मिळत नाहीं. म्हणून ज्या गांवांनीं ती राखण्याचा भार सोसला, त्यांस प्रवासाची दुसरी चांगली सोय करून देणें हें इतरांचें ऋण आहे, उपकार नव्हे.

शिवाय चंद्राची पाठ तरी अक्षय्य शांत राहील, असें कोणीं सांगावें? चीनचें यान 2019 सालीं तेथें उतरलें. त्याच्याशीं बोलण्यास संदेशवाहक उपग्रह लागतो, म्हणजे तेथेंहि रेडिओ आलाच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत चंद्राच्या त्या आडोशाच्या प्रदेशास संरक्षण दिलेलें आहे. पण नियम पाळणारे मिळाले तरच नियम. खोडदच्या परिसरांत जें राखणें आपणांस अवघड जातें, तें पावणेचार लक्ष किलोमीटरांवर कोण राखणार?

तेव्हां भगिनींच्या प्रश्नास उत्तर एवढेंच कीं, तेथें नवा आवाज नाहीं. येथें तो ऐकूं येण्याजोगी शांतता उरलेली नाहीं. दरवर्षीं 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांस पाहण्यास खुली असते. मुलांस घेऊन एकदां अवश्य जावें. मात्र तेथें पोंचल्यावर दूरध्वनि-यंत्र बंद ठेवावें, आणि तें कां, हें मुलांनाच विचारावें.